थ्रेड: जुने शब्द, मोडलेल्या अटी. मराठवाड्याचे भवितव्य ठरवणारे सात इंग्रजी शब्द

१/
इंग्रजी कागदपत्रांतील जुना शब्द आजच्या अर्थाने वाचला तर फारसे बिघडत नाही, असा समज इतिहासाच्या तरुण वाचकांत रूढ होत चालला आहे. हा समज चुकीचा आहे; मराठवाड्याच्या बाबतीत तर तो घातकही आहे. १७९८ ते १९४८ या दीडशे वर्षांत या प्रदेशाचे भवितव्य ज्या इंग्रजी शब्दांत लिहिले गेले, त्यांपैकी सात शब्दांची ही उलटतपासणी.

२/
निजामाच्या दरबाराची भाषा आधी फारसी होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उर्दू झाली. इंग्रजी ही रेसिडेन्सीची आणि करारनाम्यांची भाषा. कंधारचा पाटील असो वा औशाचा शेतकरी, ज्या भाषेत त्याच्या मुलखाचा सौदा होत होता तिच्याशी त्याचा संबंध नव्हता. आज त्याच्या पणतवंडांना ती भाषा वाचता येते. मात्र त्यांच्या हातात कोश असतो तो आजचा.

३/
नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांतून फिरणाऱ्या टिपणांत प्रत्येक इंग्रजी संज्ञेपुढे एक मराठी प्रतिशब्द असतो. परीक्षेच्या एका गुणासाठी तेवढा पुरतो. इतिहासाला तो पुरत नाही, कारण राजकीय करारातील शब्दाच्या पोटात बहुधा एखादी अट दडलेली असते. अर्थ बदलला की अट दिसेनाशी होते. अट दिसली नाही की ती मोडल्याचेही दिसत नाही.

४/
पहिला शब्द: सबसिडिअरी.
आज या शब्दाचा अर्थ ‘दुय्यम’ किंवा ‘सहायक’. त्यामुळे अनेक टिपणांत ‘सहायक संधी’ असा तर्जुमा दिसतो आणि कोणीतरी कोणाच्या साहाय्याला धावल्याचा भास होतो. शब्दाचे मूळ आहे ‘सबसिडी’त. जुन्या राजनैतिक इंग्रजीत सबसिडी म्हणजे दुसऱ्याच्या सैन्यासाठी मोजलेला पैसा.

५/
१७९८ साली निजामाने वेलस्लीशी करार केला आणि १८०० मध्ये त्याचा विस्तार झाला, तो या अर्थाने. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च निजामाचा. या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख निजामाने १८०० मध्ये कंपनीला देऊन टाकला. जुन्या मराठीने या व्यवहाराला ‘तैनाती फौज’ असे नाव दिले. तैनातीत खर्चही आला आणि पहाराही आला. हा नेमका शब्द हाताशी असताना ‘सहायक’ लिहिणे म्हणजे पूर्वजांनी ओळखलेले कपट वंशजांनी पुन्हा झाकून ठेवणे होय.

६/
दुसरा शब्द: कंटिंजंट.
विशेषण म्हणून याचा अर्थ ‘एखादी गोष्ट घडली तरच लागू होणारे’. सैन्याच्या संदर्भात कंटिंजंट म्हणजे प्रसंगी पुरवायचा वाटा. १८०० च्या करारात निजामाने युद्धप्रसंगी ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ द्यावे, असे ठरले होते. अट स्पष्ट होती: युद्ध झाले तर.

७/
प्रत्यक्षात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, निजामाच्या खर्चाने, शांततेच्या काळातही उभी राहिलेली कायमची फौज म्हणजे ‘हैदराबाद कंटिंजंट’. नांदेडशेजारच्या हिंगोलीत तिची छावणी होती. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. ‘युद्ध झाले तर’ या दोन-तीन शब्दांची अट जवळजवळ शतकभर धाब्यावर बसवली गेली. ‘कंटिंजंट म्हणजे तुकडी’ एवढेच पाठ करणाऱ्याला यात वावगे काहीच दिसत नाही.

८/
तिसरा शब्द: रिफ्रॅक्टरी.
पेशवाई बुडाल्यानंतर लगेच, जानेवारी १८१९ मध्ये, हदगाव परिसरातील नोव्हा येथे हटकर नाईक नोवसाजी यांच्या गढीला वेढा पडला. मेजर पिटमनच्या हाताखालील निजामाच्या फौजेने ती गढी रक्तपात करून घेतली. परकीय शत्रूशी लढण्यासाठी मागितलेला सैन्याचा वाटा निजामाच्याच मुलखात, तिथल्याच माणसांवर चालून गेला.

९/
नाईक, देशमुख, जमीनदार यांच्यासाठी कंपनीच्या कागदांत ‘रिफ्रॅक्टरी’ हे विशेषण वारंवार येते. आजचा कोश उघडला तर हा शब्द भट्टीच्या विटांसाठी सापडतो: न वितळणारा, उष्णतारोधक. जुना अर्थ होता हुकूम न मानणारा, वळणावर न येणारा. पण हुकूम कोणाचा, आणि तो देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? हे प्रश्न विशेषणाने आधीच निकालात काढलेले असतात. ‘बंडखोर’ असा सरळ अनुवाद करून पुढे जाणारा लेखक कंपनीचा निकाल स्वतःच्या सहीने पुन्हा जाहीर करतो.

१०/
चौथा शब्द: असाइन.
कंटिंजंटचा खर्च थकला, कर्ज वाढले आणि २१ मे १८५३ च्या कराराने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांकडे गेले. ‘गेले’ हे क्रियापद मराठी पुस्तकांत सर्रास येते. काही ठिकाणी ‘जिंकले’, काही ठिकाणी ‘खालसा केले’ असेही आढळते. करारातला शब्द मात्र ‘असाइन’ आहे आणि त्याचा आजचा ‘नेमून देणे’ हा अर्थ इथे लागू पडत नाही.

११/
जुन्या कायद्यात असाइन करणे म्हणजे देणे फेडण्यासाठी एखादे उत्पन्न किंवा हक्क दुसऱ्याच्या हाती सोपवणे. मराठी व्यवहारात याला ‘उत्पन्न लावून देणे’ म्हणत. यात मालकी सुटत नाही. ‘सीड’ म्हणजे तोडून देणे. १८०० चा मुलूख निजामाने तोडून दिला होता. १८५३ चा त्याने तोडून दिला नाही. डलहौसीला कायमचा ताबा हवा होता. निजामाने नाकारला, म्हणून हा शब्द आला.

१२/
पुढे १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. १९८२ साली ज्या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला, तो धाराशिव जिल्हा मधली सात वर्षे इंग्रजी अमलाखाली होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक मेडोज टेलर त्या काळात नळदुर्गावरून कारभार पाहत होता. वऱ्हाड मात्र परत आले नाही. १९०२ मध्ये कर्झनने त्याचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांना. वऱ्हाडाबद्दल निजाम अखेरपर्यंत का भांडत राहिला, या प्रश्नाचे उत्तर ‘असाइन’मध्ये आहे.

१३/
पाचवा शब्द: लॅप्स.
येथे मराठी वाचकाची खरी फसगत होते, कारण मराठीत या एका शब्दाचे दोन निराळे अनुवाद रुजले आहेत. १८४८ मध्ये साताऱ्याच्या बाबतीत लॅप्स म्हणजे ‘खालसा’. १९४७ मध्ये ब्रिटिश सार्वभौमत्वाच्या बाबतीत लॅप्स म्हणजे ‘संपुष्टात येणे’. दोन्हीकडे मूळ शब्द एकच आहे, ही गोष्ट मराठी पुस्तक वाचून कळणेच अशक्य.

१४/
इंग्लंडच्या चर्चविषयक कायद्यात, एखाद्या आश्रयदात्याने ठरलेल्या सहा महिन्यांत धर्मगुरू नेमला नाही, तर नेमणुकीचा हक्क लॅप्स होऊन बिशपकडे जाई. म्हणजे हक्क मरत नसे, वरच्याकडे जाई. डलहौसीने हाच अर्थ वापरला: वारस नाही, तेव्हा राज्य वरच्या सत्तेकडे, म्हणजे कंपनीकडे.

१५/
१९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यातील सातव्या कलमात संस्थानांवरचे सार्वभौमत्व लॅप्स होईल, असे म्हटले आहे. या वेळी हक्क कोणाकडेच जाणार नव्हता. तो नुसता विरणार होता. नव्या सरकारकडे तो सोपवला जाणार नाही, हे कॅबिनेट मिशनने १९४६ मध्येच स्पष्ट केले होते. राज्ये घेताना जो शब्द ‘आमच्याकडे येते’ असे सांगत होता, तोच शब्द देश सोडताना ‘कोणाकडेच जात नाही’ असे सांगू लागला. निजामाच्या स्वतंत्र राज्याच्या दाव्याचा कायदेशीर पाया हाच होता. नांदेड, लातूर, बीड, परभणीच्या लोकांची पुढची तेरा महिन्यांची होरपळ या कलमाच्या सावलीत झाली.

१६/
सहावा शब्द: स्टँडस्टिल.
२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे करार’ झाला. मराठी नाव शब्दशः बरोबर आहे, पण त्यातून शांततेचा ध्वनी निघतो. या शब्दाचा त्या पिढीच्या कानातला संदर्भ निराळा होता. १९३१ मध्ये जर्मन बँका बुडू लागल्या तेव्हा परदेशी सावकारांनी वसुली तूर्त थांबवली. त्या कराराचे नाव स्टँडस्टिल होते.

१७/
म्हणजे स्टँडस्टिलमध्ये तंटा मिटत नाही. धनको हात आवरतो आणि ऋणकोला मुदत मिळते. मागणी उभीच राहते. या मुदतीत मराठवाड्यात काहीही ‘जैसे थे’ राहिले नाही. लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांचा जुलूम गावोगाव पोहोचला, सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र छावण्या उभ्या राहिल्या आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. ‘जैसे थे’ हे नाव वाचून त्या वर्षाची कल्पना करणारा वाचक त्या वर्षात जगलेल्यांवर अन्याय करतो.

१८/
सातवा शब्द: पोलीस.
१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून चिलखती डिव्हिजन निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. रणगाडे होते, विमाने होती. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. राज्याचा कारभार मेजर जनरल चौधरी यांच्याकडे गेला आणि त्यांचे पद होते ‘मिलिटरी गव्हर्नर’. पोलीस कारवाईतून लष्करी राज्यपाल निघाला, हा विरोधाभास आजही फार थोड्यांना खटकतो.

१९/
अठराव्या शतकातील इंग्रजीत ‘पोलीस’ म्हणजे खाकीतला शिपाई नव्हे. राज्याचा अंतर्गत बंदोबस्त. ‘पोलीस ॲक्शन’मध्ये हाच जुना अर्थ जागा केला गेला: हे घरातले प्रकरण आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार देशांतर्गत बाबी तिच्या कक्षेबाहेर राहतात आणि निजामाची तक्रार ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे गेली होती. ही शब्दयोजना त्यामुळे सहज झालेली नव्हती.

२०/
याच शब्दाला एक ताजा पूर्वेतिहासही होता. जुलै १९४७ मध्ये डच सरकारने इंडोनेशियावर सैन्य घातले आणि त्याला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या दोन देशांपैकी एक भारत होता, दुसरा ऑस्ट्रेलिया. दोन घटना सारख्या नाहीत. इंडोनेशियात परकी सत्ता परत येऊ पाहत होती. हैदराबादेत प्रजेचा मोठा भाग भारतात येऊ पाहत होता. शब्द मात्र एकच आणि त्याचे कामही एकच: तिसऱ्याने विचारू नये.

२१/
आणि म्हणूनच विचारले गेले नाही. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदरमध्ये. चारपैकी तीन नावे आजच्या नांदेड-लातूरची आहेत. तरीही इथला विद्यार्थी ‘पोलीस ॲक्शन’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

२२/
यावर ठरलेला आक्षेप येतो: रझाकारांचा जुलूम विसरायचा का? मुक्तिसंग्राम नाकारायचा का? मुळीच नाही. गोविंदराव पानसरे यांचा १९४६ मधला खून, गावोगावची जाळपोळ, सत्याग्रहींचे तुरुंगवास हे सारे घडले आहे आणि ‘मुक्ती’ हा शब्द या लोकांनी किंमत मोजून कमावला आहे. लष्करी कारवाईला लष्करी म्हटल्याने त्यांचा संग्राम उणा होत नाही. उलट ‘पोलीस ॲक्शन’ म्हणण्यानेच तो संग्राम पाच दिवसांच्या बंदोबस्तात गुंडाळला जातो.

२३/
दुसरा आक्षेप: शब्दांचा कीस कशाला, घटना महत्त्वाच्या. पण वर पाहिलेल्या प्रत्येक प्रकरणात शब्द हीच घटना होती. ‘असाइन’ऐवजी ‘सीड’ असते तर १८६० मध्ये धाराशिव परत मागण्याला आधारच उरला नसता. ‘लॅप्स’ऐवजी हस्तांतराचा शब्द असता तर निजामाच्या दाव्याचा पाया ढासळला असता.

२४/
उपाय अवघड नाही. दस्तऐवज ज्या दशकातला, कोशही त्याच दशकाजवळचा उघडावा. अठराव्या शतकासाठी जॉन्सनचा १७५५ चा कोश, कंपनीच्या काळासाठी कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश, महसुली व न्यायालयीन शब्दांसाठी विल्सनची १८५५ ची शब्दसूची, आणि प्रत्येक अर्थ कधी आला व कधी मावळला हे पाहण्यासाठी ऑक्सफर्डचा बृहत्कोश. कँडीचा विशेष असा की त्या काळचा मराठी माणूस तो इंग्रजी शब्द कसा समजत होता, हे त्यात दिसते.

२५/
अर्थ सापडल्यावर प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारावेत. यात कोणती अट होती? ती कोणी मोडली, किंवा कोणी लपवली? येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या छायाचित्राखाली ‘पोलीस ॲक्शन’ असे लिहिण्यापूर्वी मराठवाड्यातील प्रत्येक इतिहासप्रेमीने निदान एकदा हे दोन प्रश्न त्या शब्दाला विचारून पाहावेत.