कित्ता

परवा पेपरात वाचलं, मुलानेही वडिलांचाच कित्ता गिरवला. बातमी घोटाळ्याची होती! हल्ली हा शब्द बहुतेक अशाच ठिकाणी भेटतो आणि मला ते खटकतं.

कित्ता म्हणजे समोर ठेवून गिरवायचा वळणदार अक्षराचा नमुना. शब्द फारसीतून आपल्याकडे आला, मूळ अरबी 'कितअ', म्हणजे तुकडा. फारसी सुलेखनकार सुट्या कागदावर चार ओळी सुरेख लिहीत, त्या कागदाला हेच नाव. लोक तो जपून ठेवत, शिकाऊ त्यावरून हात बसवत. आपल्याकडे मोडी लिहिणारेही आधी ओळ आखत, मग बोरूने तिला अक्षरं लटकवत. वळण असं घोटूनच येतं. त्याला नक्कल का म्हणायचं?

गेल्या वर्षी बाबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. बँकेत म्हणाले, अंगठा द्या. बाबांनी नुसती मान हलवली. नाही म्हणजे नाही!

मग मी त्यांचं जुनं पत्र शोधलं, त्यातली सही मोठी करून झेरॉक्स काढल्या. माझ्याकडून पाटीवर 'ग' गिरवून घेणारे बाबा आता रोज सकाळी डाव्या हाताने स्वतःच्याच अक्षरावरून पेन फिरवतात. नावातला 'श' अजून जमत नाही. चिडतात, कागद ढकलून देतात.

दुपारी पुन्हा मागून घेतात.