ठराव कोण करतो?

बौद्ध बंधू-भगिनींनो,

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्याच मार्गाने तुमच्या घरीही आता बुद्धवंदना आली आहे. जुन्या रूढींचे जोखड तुम्ही मानेवरून उतरविले, याबद्दल तुमचे अभिनंदन. परंतु आपल्या वस्तीत नळ कोठे बसावा, गटार कोठून काढावे, दिवा कोणत्या खांबावर लागावा, मृतास नेण्याची वाट कोठून असावी, हे ज्या सभेत ठरते, त्या सभेत तुम्ही कधी गेला आहात काय? धम्म स्वीकारणे हे पहिले कर्तव्य होय. मिळालेले माणूसपण गावाच्या आणि शहराच्या दप्तरात उतरविणे हे दुसरे. या दुसऱ्या कर्तव्याविषयी आज लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महाडचे चवदार तळे आपण सारे जाणतो. ते तळे होते कोणाच्या ताब्यात? महाडच्या नगरपालिकेच्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. त्यास अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदास अर्थ आला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! पुढे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. एका ठरावाने दिले, दुसऱ्याने हिरावले, आणि ते परत मिळविण्यास दहा वर्षे झुंजावे लागले. जेथे ठराव होतो तेथे आपला माणूस नसेल, तर वरचा कायदा खाली पोचत नाही, हा महाडचा बोध आहे.

म्हणूनच १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक मुंबई कायदेमंडळापुढे आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यावर कडक टीका केली. प्रौढ मताधिकार आणि दलितांचे हमखास प्रतिनिधित्व यांवाचून पंचायतीस सत्ता देणे म्हणजे अल्पसंख्य दलितांस गावातील बहुसंख्यांच्या स्वाधीन करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडतानाही त्यांनी गावाचे गोडवे गाइले नाहीत. राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, ही भूमिका त्यांनी ठामपणे मांडली. पंचायतींचा उल्लेख घटनेत आला, तो कलम ४० मध्ये, मार्गदर्शक तत्त्व म्हणून. पुढे १९९२ साली ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती झाली. पहिली २४ एप्रिल १९९३ पासून आणि दुसरी १ जून १९९३ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा देणे पंचायतींत आणि पालिकांत तेव्हापासून बंधनकारक झाले. १९३२ च्या त्या मागणीस घटनेचे बळ मिळण्यास साठ वर्षे लागली!

आता आपल्या राज्यातील रचना समजून घ्या. ग्रामीण भागात तीन पायऱ्या आहेत. गावात ग्रामपंचायत, तालुक्यास पंचायत समिती, जिल्ह्यास जिल्हा परिषद. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाने चालते, वरच्या दोन्ही संस्था १९६१ च्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. शहरांत लहान वस्तीस नगरपंचायत, मध्यम शहरास नगरपरिषद आणि मोठ्या शहरास महानगरपालिका असते. प्रत्येक ठिकाणी एक लोकांनी निवडलेली बाजू असते आणि एक नोकरशाहीची. जिल्हा परिषदेत अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, नगरपरिषदेत नगराध्यक्ष व मुख्याधिकारी, महानगरपालिकेत महापौर व आयुक्त. अर्ज कोणाकडे द्यावयाचा हे ज्यास ठाऊक नाही, त्याचा अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहतो. निवडणूकच लांबली तर राखीव जागाही मुकी होते. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कारभार कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला, हे ध्यानात असू द्या.

राखीव जागांची संख्या जनगणनेवर ठरते, आणि येथे तुम्हां नवदीक्षितांनी विशेष सावध राहिले पाहिजे. १९५० च्या आदेशामुळे धम्म स्वीकारणाऱ्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा गेला होता. १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती होऊन तो बौद्धांस परत मिळाला. तथापि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ५२ लाखांचीच नोंद अनुसूचित जातींत झाली. उरलेल्या तेरा लाखांत इतर समाजांतून आलेलेही असतील. परंतु जातीच्या रकान्यातही ज्याने ‘बौद्ध’ एवढेच लिहिले, तो त्या गणतीतून गळाला, कारण अनुसूचीत ‘बौद्ध’ या नावाची जात नाही. तुम्ही म्हणाल, जी जात आम्ही टाकली ती पुन्हा लिहावी काय? तुमचा संताप आम्ही जाणतो. पण धर्माच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ लिहा, आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीतील नाव लिहा. ती श्रद्धेची कबुली नव्हे. या देशाने आपल्या पूर्वजांवर केलेल्या अन्यायाची ती नोंद आहे, आणि त्या नोंदीवरच तुमच्या गावातील राखीव जागा ठरणार आहे. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरविण्यात आला आहे. राखीव जागेवर उभे राहणाऱ्यास जातवैधता प्रमाणपत्रही लागते. ते निवडणूक लागल्यावर नव्हे, आधीच मिळवून ठेवा.

परंतु निवडणूक पाच वर्षांनी येते. ग्रामसभा मात्र वर्षातून किमान चार वेळा भरलीच पाहिजे, आणि तिच्यात प्रत्येक मतदारास बोलण्याचा हक्क आहे. तेथे जा, एकटे नव्हे, वस्तीतील दहा घरे मिळून जा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावयाचे असतात आणि जिल्हा परिषदेने २० टक्के. हा पैसा कोठे गेला, असे शांतपणे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. ते न मिळाल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराने नक्कल मागा. शहरात ग्रामसभा नाही, पण नगरसेवक आहे, आणि तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या आहेत. त्यांनाही हाच प्रश्न करा.

भगिनींनो, २०११ पासून या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. सरपंचाच्या खुर्चीवर तुमचे नाव आणि सही मात्र नवऱ्याच्या मर्जीची, असे होऊ देऊ नका. ज्या धम्माने स्त्रीस संघाचे दार उघडले, त्याच्या उपासिकेस हे शोभत नाही. आणि पुरुषांनो, गावातील धनदांडग्याने उभे केले म्हणून उभे राहू नका. त्याने बसविलेला माणूस त्याच्याच बाजूने हात वर करतो. निवडून आलेल्या अनुसूचित जातीच्या सदस्यास वा सरपंचास धाकदपटशाने काम करू न देणे हा २०१५ च्या दुरुस्तीपासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. भिऊन राजीनामा देऊ नका, फिर्याद नोंदवा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा आपल्याला मिळालेला मंत्र आहे. पंचायतीचा कायदा समजून घेणे हे शिकणे, वस्तीने मिळून सभेस जाणे हे संघटन, आणि आपल्या हक्काचा ठराव इतिवृत्तात लिहवून त्याचा अंमल होईपर्यंत पाठ न सोडणे हा आजचा संघर्ष होय. येत्या ग्रामसभेची तारीख आजच पंचायतीच्या फलकावर पाहून या आणि विहारातील पुढच्या बैठकीत ती सर्वांस सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!