उपवासाचं मीठ रोजच्या स्वयंपाकात नको

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी घरचं किंवा खोलीवरचं मीठ कागदाच्या पुडीत बांधून आणायला सांगते. मिठाच्या द्रावणात आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घातलं की आयोडीन मोकळं होतं, स्टार्चने ते गडद निळं दिसतं. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडून त्याचं प्रमाण काढायचं. पूर्वी निळा रंग न धरणारी पुडी बहुधा खडेमिठाची निघायची. आता ती गुलाबी मिठाची निघते, आणि ती आणणारी मुलं खात्यापित्या, शिकलेल्या घरांतली असतात.

"मॅडम, हे नैसर्गिक आहे. यात कितीतरी खनिजं असतात." असतीलही, पण चिमूटभर मिठातून मिळणारी ती खनिजं नगण्य, आणि ज्याची खरी गरज ते आयोडीन त्यात नावापुरतं. एकादशीला हेच मीठ, म्हणजे शेंदेलोण किंवा सैंधव, माझ्याही घरी वापरतात, त्याने काही बिघडत नाही. पण उपवासाचं मीठ मोबाइलवरच्या सल्ल्याने बारा महिन्यांचं झालं, याची मला काळजी वाटते.

आयोडीनच्या अभावी कोणता रोग होतो, असं विचारलं की सगळा वर्ग "गलगंड" म्हणतो. एका गुणाचं उत्तर पाठ आहे. पण एका मुलीने विचारलं, "माझा गळा तर सुजलेला नाही, मग मला आयोडीन कशाला?" गळा ही फक्त दिसणारी खूण आहे. गर्भाच्या मेंदूची पहिल्या काही आठवड्यांतली वाढ आईच्या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते आणि ते आयोडीनशिवाय तयार होत नाही. दिवस गेल्याचं कळेपर्यंत यातला काही काळ निघून गेलेला असतो. म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलींना हे आजच माहीत हवं. जोडप्यात स्वयंपाक आणि किराणा दोघांचा असतो, तेव्हा मुलांनाही.

आयोडीनचं हे महत्त्व आपल्या देशाने कष्टाने शिकून घेतलं आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त आणि एका भागाला साधं मीठ पुरवलं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. त्यातूनच १९६२ मध्ये गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्याच्या बिनआयोडीन मिठावरची बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दहा लाख भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावं लागतं. हे प्रमाण ३० भाग असेल, तर पाच ग्रॅम मिठात मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते. जास्त मीठ खा, असं मी मुळीच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच आहे. कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं खा. डबा घट्ट झाकणाचा ठेवा, शेगडीपासून लांब. ओल आणि उष्णतेने आयोडीन कमी होतं.

सैंधव आयोडीन मिसळूनही मिळतं, पण ते पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत शोधावं लागतं. आयोडीन आहे की नाही, हे पुढच्या बाजूला मराठीत, ठळक छापणं बंधनकारक करा, अशी माझी अन्न प्रशासनाकडे मागणी आहे. महाविद्यालयांनीही पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, तो कुठल्याही शाखेचा असो, ही निळ्या रंगाची चाचणी एकदा तरी स्वतः करायला द्यावी. खोली करून राहणाऱ्या मुलामुलींनो, आज मिठाचं पाकीट उलटून वाचा. त्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं नसेल, तर रोजच्या जेवणासाठी दुसरं आणा. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.