नंबर सोबत येतो, मग मेल का नाही?

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली



अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मेलशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. सांगतो.

मागे एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. एका पोर्टलचा पासवर्ड बदलायचा होता. ओटीपी गेला मेलवर. स्क्रीनवर पत्त्याची पहिली दोन अक्षरं, मग चांदण्या आणि ‘ॲट’च्या पुढे इंटरनेट कंपनीचं नाव. गोंदियाला नोकरीत असताना ब्रॉडबँडसोबत मिळालेला तो मेल. गावी परतताना त्यांनी कनेक्शन बंद केलं. मोडेम परत केल्याची पावती गुरुजींनी घडी करून जपली होती. मेलही बंद होणार, हे तिच्यावर कुठेच छापलेलं नव्हतं.

मेल कनेक्शनला बांधण्याची ही खोड जुनी आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा कनेक्शन ज्याचं, मेल त्याचाच. पुढे २००२ मध्ये निगम टाटांकडे गेलं, २००८ मध्ये नावही बदललं. बीएसएनएलची संचारनेट ही इंटरनेट सेवाही येऊन गेली. हॉटमेल १९९६ मध्ये निघालं ते नेमकं याच्या उलट: तार कोणाचीही असो, मेल कुठूनही उघडा. तरी कनेक्शनसोबत फुकट मिळतो म्हणून लोक कंपनीचाच मेल घेत राहिले.

मोबाइलचं हे दुखणं तुम्ही दूर केलंत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. ३ जुलै २०१५ पासून तर राज्य बदललं तरी नंबर तोच. मेलचं तसं होणार नाही, हे मलाही कळतं. ‘ॲट’च्या पुढचं नाव कंपनीच्या मालकीचं, पत्र आधी तिच्याच दारात येणार. पण आलेलं पत्र पुढे पाठवायला काय अडचण आहे? घर बदलल्याचा अर्ज दिला तर पोस्टसुद्धा काही काळ टपाल नव्या पत्त्यावर वळवतं.

म्हणून मागणी एवढीच: कनेक्शन तुटल्यावर वर्षभर मेल नव्या पत्त्यावर वळवा, जुनी पत्रं उतरवून घ्यायला मुदत द्या, आणि हे कनेक्शनच्या फॉर्मवर मराठीत छापा. ‘मेल आमच्या कक्षेत येत नाही’ असं उत्तर कृपया नको. मेल ज्या कनेक्शनसोबत गळ्यात पडतो, ते तर तुमच्याच कक्षेत येतं ना?

तोवर मी गिऱ्हाइकांना सांगतो, घरात तार आणणाऱ्याकडून मेल घेऊ नका. जीमेल घ्या, रेडिफमेल घ्या. तेही काही सातबाऱ्यावर चढत नाही म्हणा. दोन वर्षं उघडलं नाही तर गूगल खातं पुसू शकतं, तेव्हा अधूनमधून उघडायला लावतो. आणि मी तरी कुठला साधू? गर्दीच्या दिवसांत पोरांच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर माझाच मेल टाकून मोकळा होत असे. आता आधी पोराचा मेल काढतो, पासवर्ड त्याच्याच हातानं टाकायला लावतो. रांग वाढते, लोक कुरकुरतात.

गुरुजींनीही नवा मेल काढला. जुना कुठे कुठे दिला होता, ते आठवून ते वहीच्या मागच्या पानावर लिहिताहेत. परवापर्यंत नऊ ठिकाणं झाली होती.

आपला,
केशोरीचा एक दुकानदार