स्पेक्ट्रमवर प्रोग्राम लिहायचा तर कशात?

मागच्या दिवाळीत वणीला गेलो तेव्हा काकांनी माळ्यावरून एक खोकं काढलं. आत डीबी स्पेक्ट्रम प्लस! ब्रिटनच्या सिंक्लेअरचं हे १९८४ चं मशीन, आपल्याकडे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आणलं. झेड-८० प्रोसेसर, ४८ के रॅम आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. सोबत कॅसेट. तिच्यात काकांचा कापसाच्या हिशोबाचा प्रोग्राम: वजन, भाव, उचल, बाकी.

कीबोर्डचा मेम्ब्रेन गेला होता, तो नवा मागवून बसवला. मग मी माझ्या वळणावर गेलो. लॅपटॉपवर झेड८८डीके टाकलं, सी मध्ये सगळं नव्याने लिहिलं, फ्यूज एम्युलेटरवर तपासलं, टेपची फाइल आवाजात बदलून मोबाइलमधून मशीनला ऐकवली. चाललं की हो! काकांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हे तं तुहं झालं. माहा प्रोग्राम कोठी हाय बे?"

च्यायला. बरोबरच होतं त्यांचं.

मग टेपच्या हेडचा स्क्रू हळूहळू फिरवत जुनी कॅसेट वाचून घेतली. बेसिकचं लिस्टिंग उघडलं तर एकही रेम नाही, आणि जिथे तिथे १०० ऐवजी व्हॅल "१००". मी मनात हसलो. नंतर कळलं, या बेसिकमध्ये प्रत्येक आकड्यामागे ६ बाइट लपून बसतात. व्हॅल लावला की एका आकड्यामागे ३ बाइट वाचतात. आणि मशीन देत असलेल्या २१ मोकळ्या अक्षरांत काकांनी ८ बाय ८ च्या ठिपक्यांनी 'वजन', 'भाव', 'उचल' ही देवनागरी बसवली होती! सी मध्ये नव्याने लिहिताना यातलं काहीच मला दिसलं नव्हतं.

म्हणून माझं मत: घरातल्या मशीनवर घरातल्या माणसासोबत बसायचं असेल तर बेसिकच घ्या. हळू आहे, मान्य. पण पी दाबला की अख्खा प्रिंट उमटतो, चूक झाली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. गेम लिहायचाय? मग लॅपटॉपवर पास्मो घ्या आणि सरळ असेम्ब्ली लिहा, बेसिक तिथे पुरणार नाही. मधला रस्ता, म्हणजे मशीनवरच चालणारे हायसॉफ्टचे पास्कल आणि सी, तेव्हा मोठी गोष्ट होती. आज मी त्या वाटेला जाणार नाही. कंपायलर, तुमचा कोड आणि तयार प्रोग्राम, सगळे त्याच ४८ के मध्ये दाटीवाटीने. मशीन लटकलं की पुन्हा टेप लावून मिनिटं मोजत बसा.

असो. आता सुट्टीत गेलो की काका सांगतात, मी टाइप करतो. सध्या ओळ २४० वर अडलोय. उचल तिथे वजा का होत नाही, ते दोघांनाही कळेना.