माळ्यावरचे मशीन, अंगणातले मेज

दिवाळीच्या झाडलोटीत परभणीतल्या कितीतरी घरांतून जुने पायमशीन बाहेर निघते. ते चालू असेल तर शिवणाऱ्या गरजू हाती द्यावे. डोके अगदीच निकामी झाले असेल, तरी बिडाचे पाय मात्र मोडीत घालू नयेत; अंगणातल्या मेजाला ते उत्तम!

वर फळी नको. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाठोपाठ पाऊस. लाकूड तडकते नि फुगते. शहाबादी फरशी दोन्ही सोसते. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद व इंचभर जाड तुकडा पुरे. वजन वीस किलोंवर भरते, म्हणून दोघांनी उचलावा.

प्रथम पायांवरचा गंज पॉलिश पेपरने घासावा. रेड ऑक्साइडचा एक व तेलरंगाचे दोन हात द्यावेत. पायडल नि चाक काढावे, मुलांची बोटे अडकतात. मधली आडवी पट्टी मात्र राहू द्यावी. तिच्यावाचून पाय डळमळतील. वरच्या भोकांत दोन लाकडी पट्ट्या बोल्टाने आवळून त्यांवर फरशी सिलिकॉनने चिकटवावी. नुसती ठेवू नये. मूल रेलले तर अंगावर येईल.

हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू-चिंच सांडली तर लगेच पुसावी, नाहीतर पांढरट डाग राहतो.

खर्च काय तो फरशीचा नि रंगाचा! आजीच्या मशीनचा किलोवर भाव करण्यापेक्षा भाऊबीजेचा फराळ त्यावर मांडलेला काय वाईट?