आकाशवाणी सांगते, विचारील केव्हा?

चहाचा पेला हाती आणि कानावर आकाशवाणीचे बातमीपत्र, अशा सकाळी कोकण-गोमंतकातील कित्येक पिढ्यांनी अनुभवल्या. निवेदकाचा संथ, शुद्ध स्वर ऐकला की बातमीवर शिक्कामोर्तब झाले, असे घरातील वडीलधारे मानीत. हा विश्वास सामान्य ठेवा नव्हे. म्हणूनच जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला हलविण्याचा निर्णय होताच नाराजी उसळली आणि तो स्थगित करावा लागला. बातमीपत्र वाचले, हे चांगलेच झाले. परंतु बातमीपत्र वाचून दाखविले की सार्वजनिक रेडिओचे कर्तव्य संपते काय?

आमच्या किनाऱ्यापासून दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोकापलीकडचे उदाहरण घेऊ. गोंदियाच्या वेशीला लागून बालाघाट जिल्ह्यात राजेगाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत गोंदिया आणि बालाघाट या दोन्ही मुलखांची राजधानी नागपूरच होती. आज त्यांच्यामधून राज्याची सीमा गेली आहे. वैनगंगेने ती मानलेली नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी सोडण्यात आले आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठची गावे जलमय झाली.

अशा वेळी ‘विसर्ग वाढविण्यात आला असून नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य कोणतेही बातमीपत्र वाचून दाखवू शकते. काठावरच्या शेतकऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. पाणी सोडण्याचा निर्णय कोणी व किती वाजता घेतला? खालच्या राज्याला केव्हा कळविले? आमच्या गावी ते किती तासांत पोहोचेल? ही उत्तरे सरकारी पत्रकात सापडत नाहीत. जबाबदार अधिकाऱ्यास ध्वनिक्षेपकासमोर बसवून, सौजन्याने पण चिवटपणे, ती काढून घ्यावी लागतात.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५७ साली ‘टुडे’ हा सकाळचा कार्यक्रम सुरू केला. पुढे त्याने मंत्र्यांना न्याहारीच्या वेळी देशासमोर जाब विचारण्याची प्रथा रूढ केली. आमच्याकडे मुलाखती होत नाहीत असे नव्हे. परंतु त्यांत बहुधा पाहुण्याचा सत्कार असतो, श्रोत्याची शंका नसते. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधानांच्या तोंडून आणीबाणीची वार्ता देशाने याच आकाशवाणीवरून ऐकली. त्यावर एकही प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. त्या अनुभवानंतर वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली, १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. स्वायत्तता कायद्यात आली. आवाजात मात्र ती पुरती उतरलेली नाही. खाजगी एफएम केंद्रांना २०१९ मध्ये जी मुभा मिळाली तीही आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची. साहजिकच आकाशवाणीची जबाबदारी अधिक वाढते.

गोमंतकास हे सांगावयास नको. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी रानात दडून भूमिगत रेडिओ केंद्र चालविले आणि पोर्तुगीज सत्ता जी वार्ता दडपू पाहत होती ती घरोघर पोहोचविली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा मच्छीमाराला इशारा हवा होता, तसाच नंतर मदतीचा हिशेबही हवा होता. इशारा हे बातमीचे काम. हिशेब मागणे हे मुलाखतीचे काम.

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक प्रादेशिक केंद्राने रोज सकाळी बातमीपत्रापाठोपाठ अर्धा तास राखून ठेवावा आणि त्यात त्या दिवशीच्या प्रश्नाशी संबंधित मंत्री वा अधिकारी बोलवावा. प्रश्न आधी लिहून देऊ नयेत. बोलावूनही कोणी आला नाही तर तेही श्रोत्यांस सांगावे. ज्या आवाजावर लोकांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, त्याने आता लोकांच्या वतीने विचारावयास शिकले पाहिजे.